स्पॅनिशमधल्या तिरक्या रेघा, एन्ये आणि उलटं प्रश्नचिन्ह: नियम आणि टायपिंग

शिकाऊ उमेदवार

स्पॅनिशचा ए२ पातळीचा अभ्यास सुरू आहे. वाचन-बोलणं ठीक, पण लेखी उत्तरांत स्वरांवरच्या तिरक्या रेघांनी गुण जातात. इथे देवनागरीतच लिहायचं असल्यामुळे रेघ ज्या स्वरावर आहे त्याच्या लगेच पुढे ´ ही खूण टाकली आहे. प्रश्न असे:

१) रेघ कुठे द्यायची याला नियम आहे, की प्रत्येक शब्द रेघेसकट पाठच करायचा?
२) ‘कान्सिओ´न’ला (गाणं) रेघ आहे, पण अनेकवचन ‘कान्सिओनेस’ला नाही. उलट ‘खोवेन’ला (तरुण) नाही, तर ‘खो´वेनेस’ला आहे. हे असं का?
३) तू, सी, ते, एल हे शब्द कधी रेघेसह, कधी रेघेविना छापलेले दिसतात. फरक काय?
४) विंडोज लॅपटॉप आहे, आकड्यांचा वेगळा पॅड नाही. रेघा, एन्ये, उलटं प्रश्नचिन्ह हे सगळं टाइप कसं करायचं? सध्या वेबपेजवरून एकेक अक्षर कॉपी-पेस्ट चालू आहे.

उपान्त्य

नियम आहे, आणि तो जवळपास शंभर टक्के पाळला जातो. पाठ करायची गरज फक्त डझनभर जोड्यांपुरती.

आधी खुणांचं ठरवू. ´ ची पद्धत तुमचीच ठेवू. एन्ये, म्हणजे नागमोडी रेघेचा एन, मी ‘ञ’ लिहितो. एस, झेड आणि मऊ सी (ई किंवा आयच्या आधीचा) हे तिन्ही लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराप्रमाणे ‘स’. एच मुका असतो, त्यामुळे देवनागरीत दिसणार नाही. आणि माझ्या लिखाणातल्या ह्रस्व-दीर्घाकडे अजिबात लक्ष देऊ नका. स्पॅनिशमध्ये स्वराच्या लांबीने अर्थ बदलत नाही. मराठी माणूस इथेच घसरतो: रेघ म्हणजे दीर्घ, असं धरून ‘पापा´’चा शेवटचा आ ताणतो. रेघ लांबी दाखवत नाही, आघात (उच्चारातला जोर) कुठे आहे ते दाखवते.

या तिरक्या रेघेला स्पॅनिशमध्ये ‘तिल्दे’ म्हणतात. इंग्रजी पुस्तकात तिल्दे म्हणजे एन्येवरची नागमोडी. स्पॅनिश शिक्षक त्या नागमोडीला ‘विर्गुलिया’ म्हणतात. शिक्षक ‘तिल्दे विसरलात’ म्हणाले तर एन्येकडे बघत बसू नका.

आता नियम. रेघ नसलेला शब्द कसा वाचायचा, तिथून सुरुवात करा:

शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर आघात शेवटून दुसऱ्या सिलॅबलवर (सिलॅबल म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा: का-सा, दोन). बाकी कुठल्याही व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्या सिलॅबलवर. खरा आघात या अंदाजाशी जुळला, तर रेघ नाही. नाही जुळला, तर आघाताच्या स्वरावर रेघ.

बस्स. कासा, कासास, लूनेस, आब्लान: सगळे शेवटून दुसऱ्यावर, रेघ नाही. पापेल, ओतेल, सिउदाद, रेलोख, एस्तुदिआर: शेवटच्यावर, रेघ नाही. उरुग्वायच्या शेवटी वाय आहे, तो इथे व्यंजनात धरतात, म्हणून आघात ‘ग्वाय’वर आणि रेघ नाही. याउलट काफे´, पानामा´, इंग्ले´स, कान्सिओ´न हे अंदाज मोडतात, म्हणून रेघ. आ´र्बोल, फा´सिल, आसू´कार तेही मोडतात, दुसऱ्या बाजूने. मू´सिका, सा´बादो, मे´खिको यांत आघात शेवटून तिसऱ्यावर. अंदाज तिथे कधीच पोचत नाही, म्हणून अशा शब्दांना रेघ कायम असते.

पुस्तकं यालाच आगुदा (आघात शेवटच्या सिलॅबलवर), याना (शेवटून दुसऱ्या), एस्द्रू´खुला (शेवटून तिसऱ्या) अशी तीन नावं देऊन तीन कोष्टकं छापतात. परीक्षेत नावं विचारली तर माहीत असावीत. पण लिहिताना तीन कोष्टकं डोक्यात फिरवण्यापेक्षा वरचा एक अंदाज वेगाने चालतो.

एन आणि एस यांनाच वेगळी वागणूक का? कारण त्या शेपट्या आहेत. नामाचं अनेकवचन एस लावून होतं, क्रियापदाचं तृतीयपुरुषी अनेकवचन एन लावून. कासा-कासास, आब्ला-आब्लान. शेपटी लागून आघात हलत नाही, म्हणून नियमही हलत नाही. हे कळलं की यादी पाठ करावी लागत नाही.

एक सापळा कानाचा. ला´पिस (पेन्सिल) आणि लूनेस (सोमवार) दोन्ही ऐकायला ‘स’ने संपतात. पण पहिल्याच्या शेवटी झेड आहे. झेड हा एस नव्हे, म्हणून अंदाज शेवटच्या सिलॅबलचा, तो चुकतो, म्हणून रेघ. निर्णय स्पेलिंगवर घ्यायचा, आवाजावर नाही. तसंच, एसच्या आधी दुसरं व्यंजन चिकटलेलं असेल तर तो एस नियमात मोजत नाहीत: बी´सेप्सला रेघ, रोबोत्सला नाही.

तुमचा दुसरा प्रश्न इथे आपोआप सुटतो. कान्सिओ´न एनने संपतो आणि आघात शेवटी, म्हणून रेघ. अनेकवचनात ‘एस’ (ई आणि एस ही दोन अक्षरं) वाढला, शब्द एका सिलॅबलने लांबला, आघात ‘ओ’वर तसाच राहिला, आता तो शेवटून दुसरा. अंदाज बरोबर, रेघ गेली. खोवेनमध्ये आघात ‘खो’वर, म्हणजे शेवटून दुसरा, एनने शेवट: रेघ नको. खो´वेनेसमध्ये तोच ‘खो’ शेवटून तिसरा झाला. एक्सामेनचं एक्सा´मेनेस आणि इंग्ले´सचं स्त्रीलिंग इंग्लेसा हेही याच हिशेबाने. (इंग्ले´सची रेघ विसरलात तर ‘जांघा’ असा अर्थ होतो. तपासणारे त्यावर हसतात आणि गुण कापतात.) काराक्तेर मात्र वेगळं: एकवचनात का-रा´क्-तेर, अनेकवचनात आघातच पुढे सरकतो, का-राक्-ते-रेस, रेघ नाही. असे शब्द दोन-तीनच आहेत.

शिकाऊ उमेदवार

हे स्पष्ट झालं. पण मग ‘मारी´आ’चं काय? स्वराने संपतो, आघात शेवटून दुसऱ्या ‘री’वर. अंदाज बरोबर निघतो, तरी रेघ आहे.

उपान्त्य

चांगला प्रश्न. अडचण सिलॅबल मोजण्यात आहे.

आ, ए, ओ हे खुले स्वर. इ, उ हे बंद. बंद स्वर दुसऱ्या स्वराला चिकटला की दोघांचं मिळून एकच सिलॅबल धरतात. ‘इस्तोरिया’ म्हणजे इस्-तो-रिया, तीन. आघात ‘तो’वर, शेवटून दुसरा, रेघ नाही. आता आघात त्या बंद स्वरावरच आला तर जोडी फुटते आणि दोन सिलॅबल होतात: मा-री-आ. वाचणाऱ्याला हे फुटणं कळावं म्हणून बंद स्वरावर रेघ देतात, आणि हा नियम वरच्या अंदाजाच्या वर चढतो. म्हणून दी´आ, री´ओ, पोलिसी´आ. म्हणूनच राई´स (मूळ, शेवटी झेड), बाऊ´ल (पेटी), ओई´र (ऐकणं) यांनाही रेघ आहे. पहिल्या नियमाने यांना ती लागलीच नसती.

मध्ये मुका एच असला तरी फरक पडत नाही. बू´ओ (घुबड) मध्ये ऊ आणि ओच्या मध्ये एच आहे, तरी रेघ. प्रोई´बे (मनाई करतो) मध्येही तसंच.

दोन्ही स्वर बंद असतील, म्हणजे उई किंवा इउ, तर लिखाणापुरती ती कायम एकच सिलॅबल. म्हणून ‘कोन्स्त्रुइदो’ला रेघ नाही, पण ‘लेई´दो’ला (वाचलेलं) आहे. दोन्ही भूतकाळवाचक धातुसाधितं, एकाच साच्यातली, आणि परीक्षेत हमखास येतात. दोन्ही स्वर खुले असतील तर त्या नेहमी वेगळ्या सिलॅबल: ते-आ-त्रो, रेघ नाही.

क्रियापदांबद्दल सांगतो, कारण ए२ च्या पेपरात बहुतेक रेघा तिथेच गळतात.

साध्या भूतकाळात नियमित क्रियापदांचं ‘मी’ आणि ‘तो/ती’ यांचं रूप रेघेसह: आब्ले´ (मी बोललो), आब्लो´ (तो बोलला). रेघ काढलीत तर आब्लो म्हणजे ‘मी बोलतो’. काळ आणि पुरुष दोन्ही बदलले. ‘पुब्लिको’ हा शब्द तर तीन ठिकाणी तीन: पू´ब्लिको म्हणजे सार्वजनिक, रेघ नसेल आणि आघात ‘ब्लि’वर असेल तर मी प्रसिद्ध करतो, पुब्लिको´ म्हणजे त्याने प्रसिद्ध केलं. तेर्मिनोचीही अशीच तीन रूपं होतात.

पण अनियमित भूतकाळाला रेघ नसते: ईसो, तुवो, दीखो, विनो, पुसो. इथे आघात शेवटून दुसऱ्यावर सरकलेला असतो. आब्लो´चा सराव झाला की हात आपसूक ‘तुवो’वरही रेघ ओढतो. हात आवरा. फुए, फुई, दिओ, विओ ही एका सिलॅबलची, त्यांनाही नाही. जुन्या छापील पुस्तकांत यांवर रेघ दिसेल, कारण ती काढायचा निर्णय १९५९ पासून लागू झाला. नेटवर मिळणारी जुनी स्कॅन केलेली गोष्टीची पुस्तकं वाचत असाल तर हे ध्यानात ठेवा.

भविष्यकाळात ‘आम्ही’चं रूप सोडून सगळ्यांना रेघ: आब्लारे´, आब्लारा´स, आब्लारा´, आब्लारा´न, पण आब्लारेमोस. अपूर्ण भूतकाळात एर आणि इर क्रियापदांच्या सहाही रूपांना ई´ वर रेघ (कोमी´आ, विवी´आमोस), आर क्रियापदांत फक्त ‘आम्ही’ला (आब्ला´बामोस).

क्रियापदाला सर्वनामं मागून चिकटली की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. ‘एस्क्रिबे’ला रेघ नाही, ‘एस्क्री´बेमे’ला (मला लिही) आहे. ‘दा’ला नाही, ‘दा´मेलो’ला (ते मला दे) आहे. ‘कोंप्रारलो’ला एकच सर्वनाम चिकटलंय, आघात ‘प्रार’वर, शेवटून दुसरा, म्हणून नाही, ‘कोंप्रा´रसेलो’ला आहे. अर्जेंटिनाचं लिखाण वाचत असाल तर तिथे ‘तू’ऐवजी ‘वोस’ वापरतात आणि रूपं शेवटी आघाताची: तेने´स, वेनी´. ती चूक नाही. तिथलंच ‘देसी´’ (सांग) ‘मे’ चिकटल्यावर देसिमे होतं आणि रेघ जाते.

एकच अपवाद: फा´सिलसारख्या विशेषणाला ‘मेन्ते’ लावून क्रियाविशेषण केलं, तर मूळ रेघ जागेवर राहते. फा´सिलमेन्ते. पुन्हा मोजायचं नाही.

कळफलक

तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी वळेपर्यंत चौथ्याचं उत्तर देतो. कॉपी-पेस्ट बंद करा.

लॅपटॉपवर आकड्यांचा पॅड नाही म्हणजे ऑल्ट दाबून कोड टाकायची पद्धत तुम्हाला उपयोगाची नाही. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी ती चालत नाही. डेस्कटॉपवाल्यांसाठी सांगून ठेवतो: नमलॉक चालू, ऑल्ट दाबून धरून ०२२५, ०२३३, ०२३७, ०२४३, ०२५० हे अनुक्रमे रेघेचे ए, ई, आय, ओ, यू. ०२४१ एन्ये, ०२५२ दोन टिंबांचा यू, ०१९१ उलटं प्रश्नचिन्ह, ०१६१ उलटं उद्गारचिन्ह. सुरुवातीचं शून्य गाळू नका. २२५ नुसतं टाकलंत तर जर्मनमधलं दुहेरी एसचं अक्षर उमटतं.

तुमच्यासाठी उपाय ‘युनायटेड स्टेट्स-इंटरनॅशनल’ हा कीबोर्ड. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन. तिथे इंग्रजीच्या ओळीतल्या तीन टिंबांवर क्लिक करून लँग्वेज ऑप्शन्स, मग ॲड अ कीबोर्ड, आणि यादीतून हा निवडा. काही डाउनलोड करावं लागत नाही. बटणं आहेत तिथेच राहतात, म्हणून नवीन कीबोर्ड शिकायची कटकट नाही.

या कीबोर्डवर दोन रस्ते आहेत. पहिला: स्पेसबारच्या उजवीकडचा ऑल्ट धरून ए, ई, आय, ओ, यू दाबा, रेघेचा स्वर येतो. तोच ऑल्ट आणि एन म्हणजे एन्ये, ऑल्ट आणि वाय म्हणजे दोन टिंबांचा यू, ऑल्ट आणि प्रश्नचिन्हाचं बटण (शिफ्टशिवाय) म्हणजे उलटं प्रश्नचिन्ह, ऑल्ट आणि १ म्हणजे उलटं उद्गारचिन्ह. मोठं अक्षर हवं तर सोबत शिफ्ट. डावीकडच्या ऑल्टने हे होत नाही. डावा ऑल्ट मेनू उघडतो.

दुसरा: आधी अपॉस्ट्रॉफीचं बटण, सोडा, मग स्वर. नागमोडीचं बटण आणि मग एन. अवतरणचिन्ह आणि मग यू. इथेच लोक वैतागतात. अपॉस्ट्रॉफी दाबल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही, ते पुढच्या बटणाची वाट बघत थांबतं. नुसती अपॉस्ट्रॉफी हवी असेल तर ती दाबून स्पेस द्यावी लागते. इंग्रजी मजकूर टाइप करताना अवतरणचिन्हानंतर यूने सुरू होणारा शब्द आला की यूवर दोन टिंबं चढतात. कीबोर्ड बिघडला असं वाटतं, बिघडलेला नसतो. म्हणून पहिला रस्ता धरा, आणि इंग्रजी लिहिताना विंडोज आणि स्पेस दाबून साध्या कीबोर्डवर या. मराठीचा कीबोर्डही टाकलेला असेल तर याच चक्रात तो येतो, म्हणून नको असलेले कीबोर्ड काढून टाका. नाहीतर दर वेळी चार-चार वेळा स्पेस दाबत बसाल.

खूप लिहायचं असेल तर सरळ स्पॅनिश कीबोर्ड घ्या. पण दोन प्रकार आहेत आणि ते गोंधळात टाकतात. दोन्हींत एन्ये एलच्या लगेच उजवीकडे, आपल्या सेमीकोलनच्या जागी. रेघेचं बटण मात्र स्पेनच्या कीबोर्डवर एन्येच्या उजवीकडे (आपल्या अपॉस्ट्रॉफीच्या जागी), तर लॅटिन अमेरिकेच्या कीबोर्डवर पीच्या उजवीकडे. आधी रेघ, मग स्वर. युट्यूबवरचा व्हिडिओ एका कीबोर्डचा आणि तुमच्याकडे दुसरा, असं झालं की रेघ सापडत नाही.

वर्डमध्ये कीबोर्ड न बदलताही होतं: कंट्रोल आणि अपॉस्ट्रॉफी, सोडून स्वर. कंट्रोल-शिफ्ट-नागमोडी, सोडून एन. मॅकवर ऑप्शन-ई सोडून स्वर, ऑप्शन-एन सोडून पुन्हा एन, ऑप्शन-शिफ्ट आणि प्रश्नचिन्हाचं बटण. लिनक्सवर कंपोज बटण लावून घ्या, मग कंपोज, अपॉस्ट्रॉफी, स्वर. कंपोज आणि दोनदा प्रश्नचिन्ह म्हणजे उलटं.

फोनवर स्वराचं बटण दाबून धरलं की पर्याय वर येतात. त्यांत तिरकी रेघ दोन दिशांची असते. स्पॅनिशमध्ये फक्त डावीकडून उजवीकडे वर चढणारी. उतरती रेघ फ्रेंच-इटालियनची, स्पॅनिशमध्ये ती कुठेच नाही. घाईत बोट नेमकं तिच्यावर पडतं. फोनला स्पॅनिश भाषा जोडलीत तर एन्येचं स्वतंत्र बटण मिळतं, पण ऑटोकरेक्टवर विसंबू नका. कान्सिओ´नची रेघ ते देईल. आब्लो की आब्लो´, हे त्याला तुमच्या मनातून वाचता येत नाही.

उपान्त्य

तिसरा प्रश्न राहिला होता.

एका सिलॅबलच्या शब्दाला रेघ लागत नाही, कारण आघात दुसरीकडे जाऊच शकत नाही. मोजक्या जोड्यांत मात्र अर्थ वेगळा दाखवायला रेघ देतात:

ए´ल तो, एल हा उपपद. तू´ तू, तू तुझा. मी´ मला (शब्दयोगीनंतर), मी माझा. सी´ हो किंवा स्वतः, सी जर. ते´ चहा, ते तुला. से´ मला माहीत आहे, से हे सर्वनाम. दे´ ‘देवो’ या अर्थाचं, दे म्हणजे ‘चा-ची-चे’. मा´स जास्त, मास पण (हा ‘मास’ फक्त पुस्तकी लिखाणात). ‘ए´ल तोमा एल ते´’, तो चहा घेतो: तीन-चार शब्दांत दोन जोड्या.

ढोबळ खूण अशी की जो शब्द वाक्यात ठसक्याने उच्चारला जातो त्याला रेघ, जो शेजाऱ्याला टेकून उच्चारला जातो त्याला नाही. ‘ती’ला (तुला, शब्दयोगीनंतर) कधीही रेघ नाही, कारण तिची जोडीच नाही. मी´ बघून लोक ती´ लिहितात. सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच असावी.

प्रश्नार्थक शब्दांनाही तेच: के´, किए´न, को´मो, कुआ´न्दो, दो´न्दे. आणि प्रश्नचिन्ह नसलेल्या वाक्यातही, आत प्रश्न दडलेला असेल तर. ‘नो से´ के´ किएरेस’, तुला काय हवंय मला माहीत नाही: इथे के´ ला रेघ हवी. ‘क्रेओ के सी´’, मला वाटतं की हो: इथला ‘के’ म्हणजे ‘की’, रेघ नको. मराठीत ‘काय’ बसतं तिथे रेघ, ‘की’ किंवा ‘जो’ बसतो तिथे नाही. ही कसोटी बहुतेक वेळा टिकते. ‘पोर के´’ दोन शब्द रेघेसह म्हणजे का. ‘पोर्के’ एक शब्द रेघेविना म्हणजे कारण.

‘सोलो’बद्दल (फक्त) गोंधळ आहे तो खराच. पूर्वी ‘फक्त’ या अर्थी रेघ देत, ‘एकटा’ या अर्थी नाही. २०१० च्या शुद्धलेखन नियमांत अकादमीने (स्पॅनिशचे नियम ठरवणारी स्पेनची संस्था) रेघ नको असं सांगितलं. अनेक लेखकांनी ते मानलं नाही, आणि मार्च २०२३ मध्ये स्पष्टीकरण आलं की लिहिणाऱ्याला अर्थ संदिग्ध वाटत असेल तिथे रेघ दिली तरी चालेल. परीक्षेत न दिलेली बरी. ‘गिओन’ची (संयोगचिन्ह) रेघ मात्र २०१० मध्ये कायमची गेली.

आणि मोठ्या अक्षरांवर रेघ देत नाहीत हा जुना समज आहे. टाइपरायटरवर आणि खिळ्यांच्या छपाईत जागा नसायची म्हणून ती गाळत. नियमाने सूट कधीच दिलेली नाही. शीर्षक पूर्ण मोठ्या अक्षरांत असलं तरी रेघ द्यायची.

मडगावकर

ज्यांना घरातल्या मोठ्यांमुळे किंवा शाळेत घेतल्यामुळे पोर्तुगीज येतं, त्यांच्यासाठी सावधगिरीचा इशारा. गोव्यात स्पॅनिशच्या वर्गात हे नेहमी दिसतं: उच्चार छान, रेघा उलट्या.

पोर्तुगीजमध्ये शेवटच्या ‘इआ’वर खूण नसेल तर आघात इ वर मानतात. स्पॅनिशमध्ये खूण नसेल तर ‘इआ’ एकच सिलॅबल मानतात आणि आघात त्याच्या आधी. म्हणून पोर्तुगीज मारिया रेघेविना, स्पॅनिश मारी´आ रेघेसह. पोर्तुगीज इस्तो´रिया रेघेसह, स्पॅनिश इस्तोरिया रेघेविना, आणि दोन्हींत आघात ‘तो’वरच. फार्मासियाचंही हेच. आकादेमिया तर दोन्हींत सारखंच लिहितात, रेघ कुठेच नाही, आणि आघात वेगळा: पोर्तुगीजमध्ये ‘मि’वर, स्पॅनिशमध्ये ‘दे’वर. तसंच शब्दाच्या शेवटी आघाताचा इ किंवा उ आला तर पोर्तुगीज खूण देत नाही. पेरू देशाचं नाव तिकडे साधं, स्पॅनिशमध्ये पेरू´.

टोपीची खूण, उतरती रेघ, ए आणि ओवरची नागमोडी, सीखालची शेपटी यांतलं स्पॅनिशमध्ये काहीच नाही. नागमोडी फक्त एनवर. पोर्तुगीज जिथे एन आणि एच जोडून लिहितं तिथे स्पॅनिश एन्ये.

दोन टिंबांचा यू पोर्तुगालने १९४५ मध्येच आणि ब्राझीलने १९९० च्या शुद्धलेखन कराराने काढून टाकला, स्पॅनिशने ठेवला. त्याचं काम एकच. जीनंतर यू आणि मग ई किंवा आय आला, तर यू मुका असतो: गेर्रा, गितार्रा. यू उच्चारायचा असेल तर त्यावर दोन टिंबं: पिंगुईनो, वेर्गुएन्सा. पुढे ए किंवा ओ असेल तर यू तसाही उच्चारला जातो, टिंबं नकोत: आग्वा. क्रियापदात हे अंगावर येतं. पागार (पैसे देणं) चं भूतकाळी ‘मी’ रूप पागे´, यू लिहायचा पण टिंबं नाहीत. आवेरिग्वार (शोधून काढणं) चं आवेरिगुए´, टिंबंही आणि रेघही. सिगुएञा (करकोचा) या एका शब्दात टिंबं आणि एन्ये दोन्ही आहेत. कीबोर्ड नीट बसलाय का ते तपासायला हा शब्द टाइप करून बघा.

डेटाहमाल

एन्येबद्दल एक गोष्ट वर राहून गेली. तिरकी रेघ गाळली तरी ‘ए’ हा ‘ए’च राहतो. एन्ये मात्र वेगळं अक्षर आहे, २७ अक्षरांच्या वर्णमालेत एननंतरचं. मध्ययुगीन लेखनिक दोन एन लिहिण्याऐवजी एकावर छोटी खूण काढत, तिचीच ही नागमोडी. वय सांगताना ‘आञोस’चं ‘आनोस’ केलंत तर वर्षांच्या जागी गुदद्वारं येतात. स्पेनमध्ये या अक्षराबद्दल लोक हळवे आहेत. एन्येविना कीबोर्ड विकू द्यावेत, असा दबाव युरोपीय समुदायाकडून आला तेव्हा १९९३ मध्ये सरकारने राजाज्ञा काढून तिचं संरक्षण केलं.

स्पॅनिश नावांच्या याद्या हाताळणाऱ्यांसाठी नेहमीचे बिघाड:

क्रमवारी. एन्ये एननंतर यायला हवी, पण रेघेचे स्वर साध्या स्वरांबरोबरच. डेटाबेसमध्ये स्पॅनिश कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचे नियम) निवडलं नाही तर एन आणि एन्ये एकच धरले जातात. जुन्या छापील शब्दकोशात सीएच आणि डबल एल हेही वेगळे विभाग असत. अकादम्यांनी १९९४ मध्ये ती क्रमवारी बंद केली, म्हणून दोन काळांतले कोश जुळत नाहीत.

शोध चालावा म्हणून सगळ्या खुणा काढून टाकायचा कोड बरेच जण लिहितात. अक्षर आणि खूण वेगळी करायची, मग खुणा पुसायच्या. त्यात एन्येचीही नागमोडी पुसली जाते आणि वरचा वर्षांचा घोटाळा पुन्हा होतो. एन्ये आधी बाजूला काढा, बाकीचं पुसा, मग परत घाला.

दिसायला तेच, पण शोधात सापडत नाही: युनिकोडमध्ये एन्ये दोन तऱ्हांनी लिहिता येते, एकसंध किंवा एन अधिक नागमोडी. मॅकवर बनलेल्या फायलींच्या नावांत दुसरी तऱ्हा पुष्कळदा मिळते. मराठीत ‘ऱ’ एकसंध आणि र अधिक नुक्ता असा दोन्ही तऱ्हांनी साठवलेला सापडतो, तोच हा आजार. साठवण्यापूर्वी सगळं एनएफसी, म्हणजे एकसंध, रूपात आणा. पायथनमध्ये त्यासाठी तयार फंक्शन आहे.

एका अक्षराच्या जागी दोन विचित्र अक्षरं दिसली, पहिलं नागमोडीचा मोठा ए, तर फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे आणि वाचणारा तिला जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगमध्ये वाचतोय. एक्सेलमध्ये सीएसव्हीवर डबल क्लिक करू नका. डेटा टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा आणि एन्कोडिंग ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) निवडा. तशी बिघडलेली फाइल एकदा सेव्ह केली की दुरुस्ती किचकट होते, म्हणून आधी मूळ प्रत बाजूला ठेवा.

एसएमएस. मोबाइलच्या मूळ सात-बिटी अक्षरसंचात एन्ये, रेघेचा ई, दोन टिंबांचा यू आणि उलटी चिन्हं आहेत. रेघेचे ए, आय, ओ, यू नाहीत. त्यांतलं एक जरी आलं तरी पूर्ण संदेश दुसऱ्या संचात जातो आणि १६० ऐवजी ७० अक्षरांत संपतो. मराठी एसएमएसला जी मर्यादा लागते तीच. ठोक संदेश पाठवणाऱ्या कंपन्या स्पॅनिशमधल्या रेघा गाळतात त्यामागे बहुधा हे बिल असतं.

शिकाऊ उमेदवार

कीबोर्ड बसला. सिगुएञा नीट उमटलं. शेवटची शंका: उलटं प्रश्नचिन्ह नेहमी वाक्याच्या सुरुवातीलाच का? पुस्तकात मध्येच दिसलं.

उपान्त्य

वाक्याच्या नाही, प्रश्नाच्या सुरुवातीला. अकादमीने ते १७५४ मध्ये आणलं, कारण स्पॅनिशमध्ये विधान आणि प्रश्न यांची शब्दरचना अनेकदा सारखीच असते. आपल्या ‘का’सारखा शब्दही लागत नाही. लांब वाक्यात शेवटाला पोचेपर्यंत सूर कसा लावायचा ते कळत नाही.

‘सी नो विएनेस, ¿के´ आगो?’ (तू आला नाहीस तर मी काय करू?) इथे अट बाहेर, प्रश्न आत. हाक आधी असेल तर बाहेर, नंतर असेल तर आत: ‘मारी´आ, ¿विएनेस?’ पण ‘¿विएनेस, मारी´आ?’ उलट्या चिन्हानंतर जागा सोडायची नाही, बंद चिन्हानंतर पूर्णविराम द्यायचा नाही, स्वल्पविराम चालतो. स्वल्पविरामानंतर उघडणाऱ्या प्रश्नाचं पहिलं अक्षर लहान ठेवा.

सरावाला एक वाक्य, शब्दागणिक कारण लावत: ‘¿कुआ´न्दो एंपेसो´ तू एर्माना आ एस्तुदिआर एस्पाञोल?’ (तुझी बहीण स्पॅनिश कधी शिकू लागली?) कुआ´न्दो प्रश्नार्थक, म्हणून रेघ. एंपेसो´ नियमित भूतकाळ, ‘ती’चं रूप, शेवटी आघात. तू इथे ‘तुझी’, रेघ नाही. एर्माना स्वराने संपतो, आघात ‘मा’वर, नाही. एस्तुदिआर आरने संपतो, आघात शेवटी, नाही. एस्पाञोल एलने संपतो, आघात शेवटी, नाही. वर आहे ती एन्येची नागमोडी. आता यातल्या एस्पाञोलच्या जागी इंग्ले´स घाला आणि रेघ का आली ते सांगा. मग त्याचं अनेकवचन करा.